उष्टा धोटा

आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी बदलली की त्याच्या भोकाला तोंड लावायचं आणि सूत श्वासानं बाहेर ओढून घ्यायचं, ही यंत्रमागावरची जुनी रीत. मृत्युंजयशेठांच्या कारखान्यातल्या चार मागांवर दिवसा बसू काम करायचा, रात्री महेश्वर. धोटे तेच, तोंडं दोन. दोघंही अफझलपूरकडून टॉवेल विणायला सोलापूरला आलेले, आणि दर महिन्याला सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगेतही एकामागे एक उभे राहणारे. एकमेकांचं नाव कुणापुढं काढायचं नाही, अशी दोघांनी सिद्धरामेश्वराची शपथ घेतली होती.

बसू साधा माणूस, नको तितका साधा. गोळ्यांसाठी दिवसाची सुट्टी मागितली की मृत्युंजयशेठ कारण विचारून विचारून भंडावून सोडायचे. दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, आता कायदा आहे, या आजारावरून कुणाला कामावरून काढता येत नाही, आणि थुंकीनं तो पसरतही नाही. बसूला तेवढं पुरलं. त्यानं शेठांपुढं सरळ आपलं दवाखान्याचं कार्ड ठेवलं. शेठांनी ते हात न लावता वाचलं, आणि तासाभरात अख्ख्या कारखान्याला ठाऊक झालं.

संध्याकाळी पाळी बदलताना शेठांनी सगळ्यांना आवारात बोलावलं. कायदा त्यांनाही पाठ होता. मी काही काढत नाही, म्हणाले, पण बसूच्या मागावर दुसऱ्या पाळीला कुणी उभं तर राहिलं पाहिजे.

सगळ्यांत आधी महेश्वर बोलला.

"ह्याचा उष्टा धोटा मी तोंडाला लावणार न्हाय."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. बसू रागानं काहीतरी बोलायला पुढं झाला आणि थांबला; शेठांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"दवाखान्याच्या रांगेत आपल्यातला आणखी कोण असतोय? नाव सांग, तुला गोदामात टॉवेलच्या घड्या घालायला ठेवतो."

महेश्वर दहा पावलांवर घाम पुसत उभा होता. बसूची बायको धनलक्ष्मी सातव्या महिन्यात होती. राहती खोली कारखान्याची, म्हणजे काम गेलं की डोक्यावरचं छप्परही जाणार. एका नावात सगळं वाचत होतं.

"कोण न्हाय," बसू म्हणाला. "मी एकटाच."

मग त्यानं शेठांनी पुढं केलेल्या कागदावर सही केली. स्वखुशीने काम सोडत आहे, असं त्यावर लिहिलेलं होतं. कायद्याला बोट ठेवायला जागा नाही, असे शेठ पक्के.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसू खोलीतलं सामान बांधत असताना महेश्वर आला आणि उंबऱ्यातच थांबला. माफी मागायला आला असेल असं बसूला वाटलं, वेड्याला. महेश्वरनं सांगितलं की शेठांनी बसूची दिवसपाळी आता त्याला दिली, नवे धोटेही आणले. त्यामुळं दिवसा दवाखान्यात जायला जमणार नाही, आणि सुट्टी मागावी तर शेठ कारण विचारणार. मग इकडंतिकडं बघत त्यानं खिशातून आपलं कार्ड काढलं आणि पुढं केलं.

"तू आता रिकामाच हाईस की," तो म्हणाला. "माझ्याबी गोळ्या आणत जा."