शून्य घरं

विहिरीत सोडलेल्या टेपच्या टोकाला बांधलेला नट पाण्याला टेकला की बारीक आवाज व्हायचा. आज तो आलाच नाही. प्रयागबाईंनी टेप वर ओढला. नटाला बोटभर चिखल होता, तोही घट्ट. त्यांनी वहीत तारीख टाकली आणि पुढं लिहिलं : पाणी नाही. गेल्या वर्षी याच आठवड्यात चार मीटर होतं.

पाऊस दोन्ही वर्षी सारखाच झाला होता. चार महिन्यांचा पाऊस आता चार दिवसांत कोसळून जातो, म्हणूनच शेळगावच्या पलीकडच्या या वाडीनं तीन उन्हाळे राबून ओढ्यावर बांध घातले होते. पाणी मुरलं, विहिरी भरल्या. ऊस कुणी लावायचा नाही, असं ठरलं होतं. चंद्राबाई वीटभट्टीवर निघाली होती, तिला आता पाणी राहील असं सांगून प्रयागबाईंनीच थांबवलं होतं. मग वाडीच्या पाणी समितीचे अध्यक्ष सर्जेराव यांनी अकरा एकर ऊस लावला. ठिबकवर लावला, म्हणून योजनेच्या कागदावर तो टिकाऊ शेतीत धरला गेला.

"आपल्या अविराजनं बारामतीला खोली बघून ठेवलीय," घरी नवरा गेणू म्हणाला. "दर साली म्हणतीस, एवढा पावसाळा बघू. आता वांगी कशावर जगवायची?"

प्रयागबाई वही घेऊन ग्रामसभेला गेल्या.

समाजमंदिरात पाणलोट योजनेच्या मॅडम फॉर्म भरत होत्या. "स्थलांतरित कुटुंबं किती?"

"शून्य," सर्जेराव म्हणाले. "स्थलांतरमुक्त गाव. बोर्ड रंगवूनबी झालाय."

"सात घरांना कुलपं दिसली."

"ती पाव्हण्याकडं गेल्यात."

"सा महिन्यांचा पाव्हणचार!" चंद्राबाई मागून म्हणाली. बाया हसल्या. मग ती प्रयागबाईंकडं वळली. "काकू, हंडा आणू का? तुमच्या वहीतलं पाणी तरी भरून न्हेते."

प्रयागबाईंना ते लागलं.

"पाणी नोंदणाऱ्यांची सही लागते," मॅडम म्हणाल्या.

"करत्याल की. काकूंचा टेप कदी खोटं बोलत न्हाय," सर्जेरावांनी पेन पुढं केलं.

प्रयागबाईंनी पेन घेतलं नाही. "टेप आज कोरडा आला, सर्जेराव. बांध आमी घातलं, पाणी तुमच्या उसाला गेलं."

"काकू, ठिबकनं पाणी वाचतं."

"वाचलं की. त्या वाचलेल्या पाण्यावर तुमी आनखी पाच एकर लावला."

सर्जेराव हसले. "आता हितं भांडान नको. सही करा. गावाच्या नावाचा प्रश्न हाय."

प्रयागबाईंनी दारात उभ्या असलेल्या गेणूकडं पाहिलं. तीन वर्षं तो त्यांच्या तोंडून 'निघू' एवढंच ऐकायला थांबला होता.

"मॅडम, सात न्हवं, आठ घरं लिवा," त्या म्हणाल्या. "आमी उद्या बारामतीला चाललो."