सामायिक लाइन

आता सगळीकडे बोभाटा झालाय, की घड्याळजीच्या बहिणीने टेलिफोन कंपनीच्या कार्यक्रमाचा विचका केला. हो, केला! पुन्हा बोलावलं तर पुन्हा करेन. पण मला आता बोलावतंय कोण?

झालं असं, की आमच्या भागातल्या टेलिफोन कंपनीने आपला इतिहास छापला. गुळगुळीत कागद, वर संस्थापकांचा पिळदार मिशांचा फोटो. पुस्तक लिहिलं माझ्या भाचीने, म्हणजे दादाच्या मुलीने. ती त्याच कंपनीच्या ऑफिसात प्रसिद्धीचं काम बघते. पोरगी हुशार आहे, मीच वाढवलीय. माझ्या शिवणाच्या मशीनशेजारी पाळणा असायचा तिचा, कारण तिला जन्म दिला त्याच दिवशी तिची आई, माझी वहिनी, गेली.

छापायच्या आधी तिने मला सगळं वाचून दाखवलं होतं. संस्थापकांचं तेलाचं गोदाम एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला. जेवायला काय केलंय हे विचारायला दर वेळी माणूस पाठवायचा कंटाळा, म्हणून त्यांनी मधे तार ओढली. भाचीने त्याला 'दूरदृष्टी' म्हटलं होतं. मी म्हटलं, "आळस म्हण की सरळ." ती हसली, पण बदललं काही नाही. मग बाजारातल्या व्यापाऱ्यांनी तारा मागितल्या, मग डॉक्टरांनी, आणि शेवटी कंपनी गावाबाहेरच्या रस्त्यांवर आली. तिथे एकेका घराला स्वतंत्र तार देणं परवडेना, म्हणून आमच्या अख्ख्या रस्त्याला मिळून एकच तार दिली. ही सामायिक लाइन.

तिची गंमत अशी, की कोणाचाही फोन आला तरी बेल सगळ्यांकडे वाजायची. गिरणीवाल्यांची एक लांब, आमची दोन आखूड, असं ठरलेलं. आपली बेल असेल तरच रिसिव्हर उचलायचा, हा कंपनीचा नियम. तो पाळायला आम्ही काय देवमाणसं होतो? सगळे उचलायचे. बोलायच्या भोकावर हात ठेवायचा, श्वास रोखायचा आणि ऐकायचं. आमची वहिनी तर मांडीवर विणकाम घेऊन बसायची. करमणूक दुसरी होती कुठे?

पण रस्त्याचा स्वतःचाही एक नियम होता, आणि तो मात्र सगळे कसोशीने पाळायचे. लाइनवर ऐकलेलं लाइनवरच ठेवायचं. कोणाचं लग्न मोडलं हे तुम्ही कानाने ऐकलेलं असलं, तरी त्या घरातलं माणूस येऊन सांगेपर्यंत तुम्हाला ठाऊक नाही. सांगितल्यावर "अगंबाई, खरंच?" असं म्हणायचं. दुसऱ्याच्या फोनवर चोरून ऐकणारा म्हणवून घेण्यापेक्षा लोक मरण पत्करतील, इतकी त्याची लाज. स्वतःचं मरण म्हणतेय मी. दुसऱ्याचंही पत्करतात, हे मला परवा कळलं.

दादाबद्दल सांगायला हवं. तो घड्याळं दुरुस्त करतो, आणि लहानपणापासून तोतरा आहे. शब्दाच्या सुरुवातीला अडतो, मग सुटतो. घरात कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. वहिनी तर म्हणायची, "हे विचार करून बोलतात, तुमच्यासारखं भसाभसा नाही." लग्नानंतर तो बोलका झाला होता. गिऱ्हाइकांशी थट्टा करायचा, फोनवर सुटे भाग मागवताना तिकडच्या माणसाशी भांडायचा.

भाची झाली त्या दुपारी सुईण होती, मी होते. बाळ ठणठणीत रडलं, आणि वहिनीचं रक्त काही थांबेना. सुईण म्हणाली, आता डॉक्टर हवा. मी दोन्ही हातांनी वहिनीला धरून बसले होते. दादा बाहेरच्या खोलीत फोनचा दांडा फिरवून एक्स्चेंजकडे डॉक्टर मागत होता. त्यांनी जोडून दिलं. दादा बोलला. मग पुन्हा बोलला. मग ओरडून बोलला. तिकडून नुसतं हॅलो, हॅलो. शेवटी त्याने रिसिव्हर टाकला, सायकल घेतली आणि डॉक्टरांकडे निघाला. डॉक्टर आले तोवर सगळं आटोपलं होतं. दारातच ते म्हणाले, "फोनवर कोणीतरी अडखळत होतं, मला काही समजलंच नाही. समजलं असतं तर गाडी काढून तेव्हाच आलो असतो."

बस्स. एवढं एक वाक्य. त्यानंतर दादाने फोनला हात लावला नाही. परक्या माणसासमोर तोंड उघडणं बंद केलं. गिऱ्हाईक आलं की मान हलवायची, पैसे पाटीवर लिहून दाखवायचे. मुलीच्या लग्नात सगळे म्हणाले, दोन शब्द बोला, तर हा मांडवाच्या मागे जाऊन बसला. एकदा मला म्हणाला होता, "म-माझ्या जिभेने मारलं तिला." मी त्याला रागावले, रडले, डोकं फोडून घ्यायचं बाकी ठेवलं. पण समजावणार काय? मलाही तसंच वाटत होतं ना! आणि पोरगी? तीही हेच ऐकत मोठी झाली, की बाबांना नीट बोलता आलं नाही म्हणून आई गेली. बापावर जीव आहे तिचा, पण त्याच्यासमोर फोन आला की उठून दुसऱ्या खोलीत जायची.

तर परवा त्या पुस्तकाचं प्रकाशन. मोठा हॉल, हार, माइक, आणि मागे भलामोठा फलक: 'एका तारेवरचं कुटुंब'. आमच्या रस्त्यावरची जुनी माणसं मुद्दाम बोलावून पहिल्या रांगेत बसवली होती. गिरणीवाल्या काकू काठी टेकत आल्या होत्या. दादा येत नव्हता. मुलीने हट्टच धरला म्हणून आला आणि माझ्याशेजारी कोपऱ्यात बसला.

भाषणं झाली. मग कंपनीचे जुने इंजिनिअर साहेब उठले, निवृत्त झालेले, गोड बोलणारे. जुन्या गमती सांगायला लागले. म्हणाले, "सामायिक लाइनचं एक गुपित आज सांगतो. तारेत जोर असतो तेवढाच असतो. एकाने चोरून ऐकलं तर चालतं. पण सगळ्या रस्त्याने रिसिव्हर उचलले, की रस्त्यावर आपापसात सगळं लख्ख ऐकू यायचं, आणि पलीकडच्या बिचाऱ्याला मात्र मच्छर गुणगुणल्यासारखं! ऑफिसात आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण वरून ताकीद होती, बोलायचं नाही. बोललो तर लोक स्वतंत्र तार मागतील, ती आणायची कुठून?"

हॉल खो खो हसला. पहिल्या रांगेतले म्हातारेही हसले. एकमेकांना कोपरखळ्या मारल्या.

मी हसले नाही. मला एकदम काकू आठवल्या, आमच्या दारात उभ्या, त्या दुपारी. दादा सायकलवरून गेल्यावर थोड्या वेळाने त्या आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "डॉक्टर आले का गं?" डॉक्टर बोलावलाय हे त्यांना सांगितलं कोणी होतं? मी आणि सुईण दाराबाहेर पडलो नव्हतो, आणि दादा तर सायकलवरून थेट डॉक्टरांकडे गेला होता. इतकी वर्षं माझ्या डोक्यात हा प्रश्न आला नाही, कारण त्या दुपारचं मी काही आठवूच देत नव्हते स्वतःला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टेजवर कशी चढले मला सांगता येणार नाही. भाचीच्या हातातून माइक घेतला. ती "आत्या, आत्या काय करतेस?" म्हणत राहिली.

मी इंजिनिअरला विचारलं, "घरात बाळंतीण रक्तात पडलीय आणि नवरा डॉक्टरला हाक मारतोय, तेव्हा सगळ्या रस्त्याने रिसिव्हर उचलले, तर डॉक्टरला काय ऐकू येईल?"

त्यांचं हसू तोंडातच राहिलं. म्हणाले, "बाई, हे तसं... म्हणजे त्या काळी..."

"काय ऐकू येईल, ते सांगा."

"फारसं काही नाही," ते म्हणाले. "तुटक तुटक. अडखळल्यासारखं."

मग मी पहिल्या रांगेकडे वळले. "त्या दुपारी कोणी कोणी उचलले होते? हात वर करा. हसायला कोपर वर होत होतं ना मघाशी? आता हात करा!"

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही खाली बसा." मी म्हटलं, "तुम्ही बसलाच आहात, तसेच बसा." हात एकही वर झाला नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. काय लाज ती! बाई मेली त्याची नाही, चोरून ऐकल्याची. रस्त्याचा नियम अजून पाळत होते, निर्लज्ज! मी आणखीही बोलले, ते इथे सांगण्यासारखं नाही.

तेवढ्यात हॉलमध्ये कुजबुज झाली. दादा उठला होता. रांगांमधून चालत तो पुढे आला. मला वाटलं मला खाली ओढायला आला, आणि मी त्यालाही चार शब्द सुनवायच्या तयारीत होते. पण तो स्टेजकडे आलाच नाही. काकूंच्या खुर्चीसमोर थांबला. इतक्या लोकांसमोर त्याने तोंड उघडलं. पहिला शब्द निघता निघेना. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"क-क-काकू," तो म्हणाला, "तु-तुम्हाला मी काय म्हणालो, ते क-कळलं होतं?"

काकूंनी मान वर केली नाही. काठीवर हात चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "कळलं होतं रे."

"स-सगळं?"

"सगळं. 'बायकोचं रक्त थांबत नाही, लगेच या, गिरणीच्या पुढचं घर.' तीनदा म्हणालास. थोडा अडखळलास, पण शब्द न् शब्द कळत होता. आधी वाटलं, मला एवढं स्वच्छ ऐकू येतंय म्हणजे डॉक्टरांनाही येत असेल; पण ते नुसतं हॅलो, हॅलो करत राहिले. आमच्याकडे गिरणीची गाडी उभी होती. पाठवली असती. पण गाडी घेऊन आले असते तर तू विचारलं असतंस, तुम्हाला कसं कळलं."

मला वाटलं, आता दादा त्यांच्या हातातली काठी हिसकावून घेईल. मी घेतली असती. हॉलच्या खुर्च्या एकेक करून खिडकीबाहेर फेकाव्यात असं मला होत होतं, आणि अजूनही होतं. त्यांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. कंपनीलाही नाही.

पण दादाने काकूंकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. तो स्टेजकडे वळला, आपल्या मुलीकडे. ती फलकाखाली उभी होती, इतिहासाचं पुस्तक छातीशी धरून.

"ऐ-ऐकलंस?" तो तिला म्हणाला. म्हातारा माणूस, सगळ्यांसमोर लहान मुलासारखा रडत होता. "मी न-नीट बोललो होतो, बाळा. मी नीट बोललो होतो."