स्विंक म्हणजे राबणं

माझ्या संसारात सवत नव्हती, एक इंग्रजी शब्द होता. स्विंक. आता हसा तुम्ही, मी पण खूप हसली आहे त्याच्यावर.

हे कॉलेजात इंग्रजी शिकवत. सारं रायपूर ह्यांना नरहरी सर म्हणते. मी नाही म्हणत. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. अन् ह्यांनीही माझं कधी घेतलं नाही. मी इंदू, पण ह्यांच्या तोंडी मी 'अवो'. अवो, चहा. अवो, चष्मा कुठं गेला? बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या ह्या घरात मी गच्चीवर असो की मोरीत, तिथूनच ओरडायची, "आली बाप्पा, आली!" असा संसार झाला आमचा, अन् वाईट नाही झाला.

तर तो शब्द. जेवायला बसले की ह्यांचं सुरू व्हायचं. "स्विंक म्हणजे राबणं, अवो. जुन्या इंग्रजीतला, शेतात घाम गाळणाऱ्याचा शब्द. मग फ्रान्सकडचे लोक राज्य करायला आले, त्यांचे शब्द आले. लेबर आला. ट्रॅव्हेल आला, त्याच्या मुळाशी म्हणे तीन खांबांचं, माणसाला बांधून छळायचं यंत्र होतं. बाईच्या बाळंतकळांनाही तोच शब्द. साहेबांचे शब्द टिकले, अन् राबणाऱ्याचा बिचारा मेला. मरता मरता त्याचा अर्थ दारू ढोसणं असाही झाला होता."

मी म्हणायची, "राबून राबून थकला असेल, म्हणून प्यायला लागला. भाजी वाढू का?"

एकदा मी सहज बोलून गेली, की आपल्याकडं कशाला इतके शब्द लागतात, एक 'खपणं' पुरते. बाई घरात खपते, माल बाजारात खपते, अन् शेवटी माणूसच खपून जाते. मायबाई! ह्यांचा घास हातातच राहिला. बोट वर करून, वर्गात करत तसं, म्हणाले, "हे मला आजवर सुचलं नाही." त्या दिवशी मी पोळीवर जरा जास्तच तूप घातलं.

मागच्या दिवाळीनंतर ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली अन् बोलणं गेलं. सारं बोलणं. दवाखान्यात मी हात धरून बसली होती, मनात एकच, की एकदा 'अवो' म्हणा, बाकी काही नको. अन् मग ह्यांनी तोंड उघडलं अन् म्हणाले, "स्विंक."

"मम्मी, पापा क्या बोल रहे हैं?" शिशिरनं विचारलं. हा माझा मुलगा. सिलतऱ्याच्या कारखान्यात ऑफिसात आहे. मराठी समजते त्याला सारी, पण उत्तर हिंदीत.

माझं डोकंच फिरलं. ज्यानं जन्मात कधी कपबशी उचलून मोरीत ठेवली नाही, त्याच्या तोंडात राबण्याचा शब्द उरला! अन् मी उभी हयात राबली, मी कुठं गेली? दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन मी पोटभर रडली, नळ सोडून.

घरी आणलं. तर पाण्याला स्विंक, उशीला स्विंक, डास चावला तरी स्विंक. पण बाई, हळूहळू मला उमगायला लागलं. तहानेचा असला की आखूड यायचा. लघवीचा असला की घाईचा. अन् मी नजरेआड झाली की एक लांब यायचा, शेवटी वर चढणारा. तो सूर मी झोपेतही ओळखला असता. तो 'अवो'चा सूर होता. शब्द तेवढा बदलला होता. मी पोळपाट टाकून पळायची, "आली बाप्पा, आली!" अन् मी दिसली की ह्यांचं वाकडं तोंड जरासं सरळ व्हायचं.

मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण डॉक्टर म्हणाले, बोलणं शिकवणाऱ्या मॅडम आहेत, न्या. तेलीबांध्याला मीरा मॅडम बसतात. गुणी पोरगी, खोटं कशाला बोलू. तिनं विचारलं, "सर घर में सबसे ज़्यादा किसका नाम लेते थे?"

शिशिर पटकन म्हणाला, "मम्मी का। इंदू।"

 त्या पोरांना काय सांगणार, की ह्यांनी माझं नाव कधी घेतलंच नाही? पोट्टे म्हणतील, पटत नव्हतं का दोघांचं? अन् खरं सांगू? मला लोभ सुटला. एवढा जन्म गेला, एकदा ऐकावं म्हटलं ह्यांच्या तोंडून. इंदू. कसं वाटते ते तरी पाहू.

मॅडमनं माझा फोटो कार्डावर चिकटवला. नियम दिला: सर 'स्विंक' म्हणाले की मी जायचं नाही, कोणी काही द्यायचं नाही. शिशिरनं फोटो दाखवायचा, 'इंदू' म्हणायचं. सरांनी प्रयत्न केला की मगच मी जायचं. जुनी सवय सुटल्याशिवाय नवा शब्द येणार नाही म्हणे.

 आतून लांब हाक यायची, "स्विंऽऽक..." अन् मी ओट्याला धरून उभी. शिशिर दारात, "मम्मी, नहीं जाना। उनके भले के लिए है।" पुन्हा हाक. मग आणखी एक, बारीक. माझी वाट पाहून राहिले होते ते, अन् मी दहा पावलांवर पदर तोंडात धरून उभी होती. एक दिवस गेली तर डोळ्यांतून पाणी गळून उशी ओली झालेली. मी फोटो दाखवला. "इंदू म्हणा, इंदू." त्यांनी फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, अन् त्यांना काही कळेना, की ही बया समोर असून कागद काहून दाखवून राहिली.

अन् मग एक दिवस मॅडमकडं ते म्हणाले, "इंदू."

स्वच्छ! मॅडमनं टाळ्या वाजवल्या, शिशिरनं व्हिडिओ काढला, मी म्हातारी नव्या नवरीसारखी लाजली. येताना पेढे घेतले.

घरी आल्यावर ह्यांनी पंख्याकडं पाहिलं अन् म्हणाले, "इंदू." पाण्याच्या पेल्याला इंदू. उशीला इंदू. दूधवाला भैया डोकावला तर त्यालाही इंदू. सारं एकाच सुरात, पाढा म्हणावा तसं. अन् मी मुद्दाम दाराआड जाऊन उभी राहिली. वाट पाहिली. लांब हाक आलीच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

मॅडमला विचारलं, माझा तो जुना शब्द परत येईल का? ती म्हणाली, "आंटी, कभी-कभी एक शब्द आता है तो दूसरा चला जाता है।" ती तरी काय करणार? मला नाव पाहिजे होतं, मिळालं. आता ते पंख्याचंही होतं, अन् मला हाक मारणारं जगात कोणी उरलं नव्हतं. पेढे मी कामवालीला देऊन टाकले.

परवा दुपारी ह्यांना वरण-भात भरवला, तोंड पुसलं, अन् कडेला बसली. घरात कोणी नव्हतं. काय वाटलं कोणास ठाऊक, मीच ह्यांच्या कानाशी म्हणाली, "स्विंऽऽक." लांब, शेवटी वर चढवून, अगदी ह्यांच्यासारखं.

ते छताकडं पाहून राहिले होते. मान वळली नाही. मग ओठ हलले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा इंदू.

"आली," ते म्हणाले. "आली बाप्पा... आली."

माझंच उत्तर, माझ्याच सुरात. म्हणजे ते ऐकत होते. प्रत्येक वेळी ऐकत होते. मी ह्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडली, अन् त्यांचा डावा हात माझ्या केसांवर नुसता पडून राहिला.

आता मीच हाक मारते. पोळ्या करता करता स्वयंपाकघरातून ओरडते, "स्विंऽऽक!" आतून उत्तर येते, "आली बाप्पा, आली." मी थोडा वेळ थांबते. येत कोणी नाही. मग हाताचं पीठ पुसून मीच जाते.