दरीतला वारा मोजताना

महाडला माझं घड्याळं-कॅमेरे दुरुस्तीचं दुकान. बारावी नापास बाईनं वारा मोजायचं यंत्र केलं, यावर बाजारपेठेत बरेच दिवस फुकट करमणूक झाली. २००४ च्या एप्रिलात मात्र पुण्याहून कॅप्टन आमोद रायफल घेऊन ते तपासायला आले. त्यांनी हो म्हटलं, तरच यंत्र लष्करात पुढे जाणार होतं.

पोलादपूरच्या वरच्या वाडीत आम्ही बसलो. दरीपलीकडे, सातशे मीटरवर निशाण. मधला वारा गोळीला ढकलतो; तो पकडायला माझ्या यंत्राच्या दुर्बिणीत दोन डोळे शेजारीशेजारी. तापलेली हवा थरथरते, थरथर वाऱ्याबरोबर सरकते, आधी एका डोळ्याला दिसते, मग दुसऱ्याला. त्या फरकावरून वारा कळतो.

दोन दिवस झकास जमलं. तिसऱ्या, शेवटच्या सकाळी नऊला आभाळ भरून आलं. यंत्र म्हणालं, वारा डावीकडून, सेकंदाला दोन मीटर. आमोदांनी त्या हिशेबानं गोळी झाडली. निशाण कोरं. दुसरी, तीही वाया.

"विनोदिनीताई, यंत्र झोपलंय."

मागून धोंडूबाई कडाडली, "वारा मोजून झाला का गो? तीन दिस माजा राब अडवलायस. पाऊस काय तुज्या दुर्बिनीला इचारून येनार हाय?"

तिचं शेत दरीत, गोळीच्या वाटेखाली. शेण-पाचोळा पसरून पेरणीआधी ती जमीन भाजते, तो राब. त्याच्या आचेनं आकडे बिघडतील म्हणून मीच अडवला होता. आणि आता लख्ख कळलं. ढगाखाली हवा थरथरतच नव्हती. आंधळं यंत्र उन्हातला जुना आकडा घोकत होतं.

"धोंडूबाई, पेटव!"

"आता? मगाशी तर..."

"पेटव गो!"

राब पेटवून ती आमच्या मागे येऊन बसली. धूर ओसरला, निखाऱ्यांवरची हवा नाचू लागली. आकडा हलला: उजवीकडून चार. आमोदांनी झाडली. मधोमध!

"पास," म्हणत त्यांनी पेन काढलं.

गप्प बसणं किती सोपं होतं!

"थांबा. राब नसता तर यंत्रानं परत खोटंच सांगितलं असतं. तेही ठामपणे, आमच्या नणंदेसारखं."

"मग नापास लिहू?"

"लिहा. थरथर नसली की यंत्रानं आकडा दाखवायचा नाही, हेही लिहा. त्याला तेवढं शिकवते आणि ढगाळ सकाळ बघूनच तुम्हाला बोलावते."

त्यांनी दोन्ही लिहिलं. मी तिथंच मांडी ठोकून यंत्राचे स्क्रू काढायला घेतले.