रोल तळल्यावर उरलेलं तेल

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका घराच्या मागच्या दारी चला. कारेगावच्या कंपन्यांचे दिवे जिथून दिसतात, अशा मळ्यातलं हे घर. पुढे शेवंतीचं वावर, मागे पत्र्याची पडवी. पडवीत एक छोटी गॅसची शेगडी, एक जुना तवा, खिळ्याला टांगलेली काळी कढई आणि तिच्याखाली उपडी घातलेली दोन ताटं. दिसलं सगळं? मग त्या कढईकडे नीट बघून ठेवा. ती घरात का नाही, बाहेर का आहे, ते आधी सांगतो.

या घरात सृष्टी राहायची. सहावीत होती. वडील कंपनीत शिफ्टला जायचे, आई गीताबाई शेती बघायची आणि धाकटा गोकुळ सगळ्यांच्या मध्ये मध्ये करायचा. शेजारच्या वावरात हौशीराम आप्पा एकटे राहायचे. त्यांची बायको, धुरपदाकाकू, वारल्यापासून ते स्वतःच भाकरी थापायचे. एकदा तव्यावर हात चांगलाच भाजला. ते बघून गीताबाई म्हणाली, "आप्पा, आजपासून संध्याकाळचं जेवण आमच्याकडं."

आप्पांनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. "गीता, तुमच्यात अंडं-मटण हुतं. मी माळकरी माणूस. न्हाई जमायचं."

"मग माझ्या स्वयंपाकघरात अंडं येणारच न्हाई. ज्याला खायचंय त्यानं मागं पडवीत करायचं, तिथल्याच भांड्यात. हा माझा शब्द. मग तर याल?"

आप्पा आले. गावात कुणाकडे लग्न असलं तरी ते जेवायच्या आधी दोनदा विचारायचे, तेल कुठलं, भांडी कुठली. या घरी मात्र ताटात काय आहे हे न बघता पहिला घास घ्यायचे.

दिवाळीच्या सुट्टीत सृष्टी दौंडला मावशीकडे गेली होती. मावशीच्या शेजारी इवाताई राहायची, रेल्वेतल्या मॅथ्यूकाकांची मुलगी. तिनं एका दुपारी अंड्याचे कुरकुरीत रोल केले. सृष्टीनं ते खाल्ले, मग दुसऱ्या दिवशी शेजारी बसून करायलाही शिकली. घरी आल्यापासून तिचा एकच हट्ट, मला रोल करायचेत. शेवटी एका रविवारी आई म्हणाली, "कर. पण सगळं मागं पडवीत. डब्यातलं तेल मी काढून देते. आन् भांडी घासल्याबिगर आत यायचं न्हाई."

आता तुम्हीही बाह्या सरसावा. वाटीभर मैदा घ्या, त्यात दोन चमचे मक्याचं पीठ, चिमूटभर मीठ आणि एक अंडं. पाणी घालत घालत ताकासारखं पातळ करा. गुठळी राहू देऊ नका. तव्यावर पळीभर ओतायचं आणि तवा उचलून गोल फिरवायचा. कडा सुटल्या की काढायचं, उलटायचं नाही. तुमच्या हातात मऊ, पातळ पोळी येईल.

सारणासाठी कोबी आणि गाजर बारीक उभं चिरायचं. कोबीला मीठ लावून तो घट्ट पिळायचा, कारण पाणी राहिलं की रोल मऊ पडतो. मोठ्या आचेवर भाज्या परतून त्यात दोन अंडी फोडायची, मिरपूड घालायची, सारखं हलवायचं. मग सारण ताटात पसरून गार होऊ द्यायचं. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. सृष्टीचाही सुटला. गरम सारण तिनं पोळीत भरलं, कडेला मैद्याची खळ लावून गुंडाळलं आणि रोल तेलात सोडला. तो लगेच उकलला. कोबी कढईभर झाला.

"ताई, बॉम्ब फुटला," गोकुळ म्हणाला.

"गप बस. तुझा तोच."

"मला फुटलेलाच आवडतो."

मग तिनं सारण गार होऊ दिलं. पुढचे रोल नीट बसले. मध्यम आचेवर ते तेलात चुरचुरत राहिले, चुरचुर कमी झाली तसा रंग आला. इवाताईनं सांगितल्याप्रमाणे तिनं ते एकावर एक न रचता ताटात उभे टेकवून ठेवले, म्हणजे वाफेनं मऊ पडत नाहीत. आई शेवंती तोडून आली आणि उभ्या उभ्याच एक खाल्ला. चावताना झालेला आवाज सृष्टीला दारातून ऐकू आला.

"चांगलं जमलंय गं," आई म्हणाली आणि आंघोळीला गेली.

सृष्टीनं तवा घासला, ताटं घासली, झारा घासला. कढईत तेल मात्र बरंच उरलं होतं. आता बघा हं, या घरात अंडं कधी तळलं जात नसे. ते उकडलं जाई, नाहीतर कालवणात पडे. त्यामुळे उरलेल्या तेलाचं काय करायचं, याचा नियमच कुणी केला नव्हता. पण पुऱ्या किंवा भजी तळली की आई काय करते, हे सृष्टीनं पुष्कळदा बघितलं होतं. तेल निवलं की आई ते गाळते आणि स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या बरणीत ओतते. तेच तेल पुन्हा तळणाला, फोडणीला. तेल फेकलेलं आईला मुळीच आवडत नसे.

सृष्टीनं तेल निवू दिलं, गाळलं, कोबीचा एक कण राहू दिला नाही. बरणीत ओतलं आणि झाकण लावलं. मग कढई घासून खिळ्याला टांगली. आपण आईसारखं काम केलं, म्हणून ती स्वतःवरच खूश होती.

संध्याकाळी आप्पा आले. पाय धुऊन आपल्या नेहमीच्या जागी बसले.

"गोकुळशेठ, आज तोंड लई चमकतंय. काय खाल्लं?"

"रोल. ताईनं केलेत."

"मला न्हाई ठेवला?"

"अंड्याचे हायत आप्पा. तुम्हाला चालत न्हाईत."

"म्हंजी माझ्या वाटणीचा तूच खाल्लास म्हण की."

"तुमच्या वाटणीचे दोन खाल्ले."

आप्पा हसले. आतून गीताबाई म्हणाली, "आप्पा, पोरीनं पार मागं बसून केलं सगळं. तवा तिथला, कढई तिथली, झारासुद्धा तिथला. माझ्या भांड्याला बोट लावलं न्हाई."

"शहाणी हाय," आप्पा म्हणाले. "धुरपदानं बघायला पायजे हुतं."

सृष्टी कुरडयांचं ताट घेऊन आईच्या शेजारी उभी होती. आईनं बोलता बोलता गॅसवर घरातली कढई ठेवली, फळीवरची बरणी काढली आणि कढईत वाकडी केली.

तेल पडताना दिसलं आणि सृष्टीला सगळं एकदम कळलं.

"आई," ती म्हणाली.

"काय गं? दे कुरडई."

एकच वाक्य बोलायचं होतं. पण बाहेर आप्पा अजून तिचंच कौतुक करत होते आणि आईचा चेहरा फुलला होता. सृष्टीनं कुरडई दिली. ती तेलात पडली आणि पांढरीशुभ्र फुलून वर आली. आप्पांनी नेहमीसारखा ताटाकडे न बघता पहिला घास घेतला, मग कुरडई मोडली. "आज झ्याक फुललीय," ते म्हणाले. ना वास, ना चव, कुणालाच काही कळलं नाही. सृष्टीनं सांगितलं नाही तर कधीच कळणार नव्हतं. ती भूक नाही म्हणून मागच्या दारी जाऊन बसली.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. पण दुसऱ्या संध्याकाळी आईनं वांग्याची फोडणी त्याच बरणीतल्या तेलानं केली आणि आप्पा जेवले. आता सांगायचं तर दोन दिवसांचं सांगावं लागणार होतं. तिसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम बरणीला कोपर मारलं. बरणी फळीवरून घसरली आणि आईनं ती वरच्यावर झेलली.

"अगं, जपून. एवढं तेल सांडलं असतं."

आई हसली. सृष्टीला तिच्याकडे बघवलं नाही. पुढे आईनं भजी तळली आणि उरलेलं तेल गाळून त्याच बरणीत ओतलं. बरणी काही रिकामी होत नव्हती. आप्पांची चाहूल लागली की सृष्टी दप्तर घेऊन आतल्या खोलीत जायची. आप्पांच्या वावरात शेवंतीची एक ओळ तिची होती. रोपांचे शेंडे कसे खुडायचे, म्हणजे फुटवे जास्त येतात, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्या ओळीकडेही ती फिरकली नाही.

एका दुपारी शाळेतून येताना बांधावर आप्पा उभे होते. हातातल्या टोपलीत पिवळी फुलं होती.

"तुझ्या ओळीतली हायत. तू येईनास, म्हणून मीच तोडली. सुकली असती."

सृष्टी खाली बघत राहिली.

"माझं काय चुकलं का, बाळ?" आप्पा म्हणाले. "मी जेवाया बसलो की तू उठून जातीस. म्हातारं रोज येतंय, कटाळा येत असंल. तसं असंल तर सांग. आता माझा हात बरा हाय. मी थापतो की माझी भाकरी."

तो हात त्यांनी पुढे करून दाखवला. तळव्यावर भाजल्याचा डाग अजून होता.

मुलांनो, रागावलेल्या माणसापुढे उभं राहणं सोपं असतं. इथे तर ज्याचं बिघडलं होतं, तोच तिची माफी मागत होता. सृष्टीला वाटलं, या बांधाखाली जागा असती तर आपण आत शिरलो असतो. ती रडली नाही. तिनं फुलांकडे बघत सगळं सांगितलं. कढई, गाळणी, बरणी, कुरडई, त्यानंतरची रोजची फोडणी. कोपर मारलं होतं तेही सांगितलं.

टोपली खाली ठेवून आप्पा हौदाकडे गेले. ओंजळीत पाणी घेतलं, चूळ भरली. पुन्हा घेतलं, पुन्हा भरली. इतक्या दिवसांनी चूळ भरून काही उपयोग नाही हे त्यांना कळत होतं, पण हात थांबत नव्हता. सृष्टी ते सगळं उभी राहून बघत होती. बघितलंच पाहिजे, असं तिला वाटलं.

मग ते बांधावर बसले. माळेचा एक मणी दोन बोटांत धरून म्हणाले, "मुद्दाम केलंस?"

"न्हाई आप्पा."

"मग त्या दिवशी तुझी चूक झाली. तेल वतताना ध्यानात आलं न्हाई. आन् दुसऱ्या दिवशी?"

सृष्टीनं दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"दुसऱ्या दिवशी तुला ठाऊक हुतं," आप्पा हळूच म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "गीताला ठाऊक हाय?"

"न्हाई."

"तिनं मला शब्द दिलाय. तिच्याच हातनं तो रोज मोडतोय आन् तिला पत्ता न्हाई." रस्त्यावरून कंपनीची बस गेली, तिकडे त्यांनी एकदा बघितलं. "मी तिला सांगणार न्हाई. माझ्याकडनं कळलं, तर तिला वाटंल मी तिच्या घराला नाव ठिवतोय."

"ती मारंल मला."

"मारंल कदाचित. रडंल बी."

आई रडेल, हे सृष्टीच्या मनात आलंच नव्हतं. आता ते मार खाण्यापेक्षा जड वाटायला लागलं.

"आप्पा, तुम्ही आज जेवायला याल?"

"ते आत्ताच कसं सांगू? आज मन न्हाई माझं." ते उठले, टोपली उचलून तिच्या हातात दिली. "चल. मी अंगणात थांबतो. तुझं बोलून झाल्याबिगर मी आत येणार न्हाई."

दोघं घराकडे निघाली. अंगणात गोकुळ सायकलचं चाक फिरवत होता. आप्पांना बघून ओरडला, "आप्पा, आज लवकर? आई, आप्पांना लई भूक लागलीय."

"लागली असंल," आतून गीताबाई म्हणाली. "बसा आप्पा. पापड तळतेच."

आप्पा चप्पल न काढता तुळशीजवळ उभे राहिले. सृष्टीनं एकदा मागे वळून बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, हातही केला नाही. नुसते उभे होते.

ती उंबरा ओलांडून आत गेली. कढई गॅसवर होती, खाली जाळ पेटला होता. आईनं फळीकडे हात केला.

सृष्टीनं टोपली खाली ठेवली. आधी गॅस बंद केला. मग आईच्या आधी बरणी काढली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि आईच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आई, हे तेल त्या रोलांचं हाय. मीच वतलंय."