गेबहार्टच्या पासावरची बाई

बुर्गीनं पडद्याकडे पाहिलं, मग स्कीच्या लिफ्टच्या फाटकाकडे पाहिलं, आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर फोटो तिच्या नवऱ्याचा, गेबहार्टचा होता. तीच जाड मिशी, फोटो काढताना वाकडं होणारं तेच तोंड. आणि फाटकातून पलीकडे गेलं ते भलतंच कोणीतरी, लहानखुरं, अरुंद खांद्याचं, हेल्मेट आणि गॉगलमध्ये पार बुडालेलं. गेबहार्ट म्हणजे दारात मावणार नाही असा गडी. ही बाई होती.

हटकायचं भानच राहिलं नाही तिला. भानावर आली तोवर लिफ्टच्या खुर्चीनं त्या बाईला उचलून वर नेलंसुद्धा.

आता, फाटकावर उभं राहणाऱ्याचं काम ते काय? खिशातला पास फाटकाला कळतो, पडद्यावर फोटो येतो, फोटोतला माणूस समोर आहे ना एवढं बघायचं. दुसऱ्याच्या पासावर कुणी सापडला की पास जप्त, उरलेला हंगाम बंद. बुर्गीनं या कामात कुणाची भीडभाड ठेवली नव्हती. पाद्रीबाबांचा पुतण्या भावाच्या पासावर आला, तर त्यालाही तिनं चारचौघांत परत पाठवला होता. ती असायची गावातल्या मोठ्या लिफ्टवर. मागच्या उतारावरच्या फाटकावर असणारा वेंडेलिन तापानं पडला म्हणून आज इकडे आली, आणि बघते तर हे.

तिला आठवत गेलं. गेबहार्टचं भाड्यानं स्की द्यायचं दुकान. हंगामात त्याला स्वतःला उतारावर यायला फुरसत नसते, पास नुसता खुंटीला लटकलेला. आणि हल्ली दुकान बंद झाल्यावर एक तांबडी स्कीची जोडी घेऊन घासत बसायचा. कुणाची विचारलं तर म्हणायचा, गिऱ्हाइकाची. तीच तांबडी जोडी आता त्या बाईच्या पायात होती! आखूड, हलकी, टोकाला मऊ. अशी स्की तो घाईत काढून देत नाही. माणसाला समोर उभं करतो, स्की हनुवटीशी लावून बघतो, वजन विचारतो, वय विचारतो आणि शेवटी त्याचा तो ठरलेला प्रश्न विचारतो, ‘कशाची भीती वाटते?’ कुणी वेगाची सांगतो, कुणी बर्फाच्या कडक थराची, कुणी लोक हसतील याची. त्यावरून तो स्की ठरवतो. लग्नाआधी बुर्गीलाही त्यानं असंच विचारलं होतं. तिनं सांगितलं होतं, कशाचीच नाही. म्हणजे आता हा प्रश्न तो आणखी एका बाईला तसाच, जीव लावून विचारतोय, आणि गावाला ते ठाऊक असणार! बुर्गीच्या अंगाची नुसती लाही झाली.

बाई उतारावरून खाली येताना दिसली. गुडघे एकमेकांना चिकटवून छोटी छोटी वळणं घेत होती. नखरा बघा मेलीचा, बुर्गी दातओठ खात पुटपुटली, आणि फाटकासमोर आडवी उभी राहिली.

“पास काढा. आणि हेल्मेटही.”

बाई हलेना. रांगेतले लोक माना उंच करून बघायला लागले. बुर्गीनं पुन्हा दरडावलं. मग त्या बाईनं सावकाश हातमोजे काढले आणि गॉगल कपाळावर सरकवला.

समोर तिची आई होती.

ऐंशीला टेकलेली, वसंतात खुब्याचं ऑपरेशन झालेली, सकाळी ‘जरा पडते गं’ म्हणून पांघरूण ओढून घेणारी तिची आई क्रेसेंत्स, गालांवर लाली, नाकाच्या शेंड्यावर बर्फ.

बुर्गीचा आवाज फुटला तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा.

“आई, तुला कळतंय का तू काय करतेयस? पडलीस तर?”

“पडले ना. दोनदा पडले. पकड सैल ठेवलीय जावईबापूंनी, स्की लगेच सुटते पायातून.”

“डॉक्टरांनी...”

“डॉक्टरांनी नाही, तू नको म्हणालीस. डॉक्टर म्हणाले होते, सवय आहे तर हलक्या उतारावर जा. तू बाहेर होतीस तेव्हा.” मग आई अगदी हळू बोलली. “तू माझा बाक केलास, बुर्गी.”

खोऱ्यात पद्धत आहे, घरातलं माणूस गेलं की त्याच्या स्कींचा बाक करून अंगणात ठेवतात. ऑपरेशननंतर बुर्गीनं आईची जुनी स्की सुताराला दिली होती. अडगळ कशाला, असंच तिच्या मनात होतं, दुसरं काही नाही. येणारेजाणारे आधी चपापायचे, मग छान झालाय म्हणायचे. आईही छान झालाय म्हणाली होती, आणि उन्हाळाभर त्याच बाकावर बसून तिनं शेंगा सोलल्या होत्या.

“मी जिवंत असताना,” आई म्हणाली, पास तिच्या हातात ठेवला आणि स्की खांद्यावर टाकून चालायला लागली. जरा लंगडत होती.

बुर्गीनं नियमाप्रमाणे पास बंद केला. दुपारी बदली माणूस येताच ती तडक दुकानात गेली. गेबहार्ट एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीशी स्की लावून उभा होता. तिचा चेहरा बघून त्यानं ओळखलं.

तिनं त्याला नाही नाही ते सुनावलं. सगळ्या गावाला माहीत होतं ना? वेंडेलिनलासुद्धा? तो हो म्हणाला. वेंडेलिन पडद्याकडे बघायचाच नाही. मग फक्त मीच का आंधळी, तिनं विचारलं, माझ्यापासूनच का लपवलं? आईच्या नावाचा पास काढायला काय धाड भरली होती?

“पासाच्या खिडकीवर सगळ्या तुझ्या मैत्रिणी. त्याच दिवशी तुला कळलं असतं,” तो म्हणाला.

“कळलं असतं तर काय खाल्लं असतं मी तिला?”

गेबहार्टनं हातातली स्की भिंतीला टेकवली. बोलावं की नाही, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“त्यांना स्की देताना मी विचारलं होतं, सगळ्यांना विचारतो तसं. कशाची भीती वाटते म्हणून.” तो तिच्याकडे बघेना. “म्हणाल्या, बुर्गीची.”

गिऱ्हाईक खाली मान घालून आपले बूट बघत होतं. मग बुर्गीनं कोपऱ्यातला पेचकस उचलला आणि ती घरी निघाली.

आई बाकावरच बसली होती, पायात अजून स्कीचे बूट. बुर्गीला बघताच तिनं खाऊ चोरताना सापडलेल्या पोरासारखं अंग चोरलं. ते बुर्गीला सहन होईना.

“ऊठ,” ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तसा निघाला नाही. “हा बाक मोडायचाय मला. आणि खिडकी बंद व्हायच्या आत तुझा फोटो काढायचाय. पास ज्याच्या त्याच्या नावावरच लागतो.”

आई बाकावरून उठली.

“आणि उद्या मोठ्या लिफ्टला ये,” बुर्गी म्हणाली. “माझ्या फाटकातून जा.”