बारा टोल आणि शेपूट

सिद्धू धनगराच्या गळ्यात ढोल पडला की मुळशी खोऱ्यातले म्हातारेसुद्धा उठून नाचायचे, पण त्याच्या म्हसूमामाला त्याचं कौतुक शून्य. सुंदराच्या लग्नाची गोष्ट निघाली तसं मामानं तोंडावर सांगितलं, "ढोलक्याला माजी लेक द्यायची न्हाई. आज ह्या जत्रंत, उद्या त्या. रोज येकच काम, येकाच जागी करून दाव. महिना काढ, पोर तुजी."

म्हणून एकोणीसशे सव्वीस सालच्या हिवाळ्यात सिद्धू पौडच्या वाटेवरच्या खडीच्या खाणीत टोल द्यायला लागला. आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा, हातात हातोडी, समोर घड्याळ. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर तासाचे मिळून चौऱ्याऐंशी टोल. मुकादम हैबतरावांनी सगळं काम एका दमात समजावलं, "काटा बघायचा, तेवढे ठोके मारायचे. डोकं चालवायला मी हाय."

डोकं न चालवता बायको मिळणार! सिद्धूला आभाळ ठेंगणं झालं.

हातांना मात्र हे कुणी समजावलं नव्हतं. दहा दिवस ते गप राहिले. अकराव्या दुपारी बारावा टोल पडला आणि मनगट आपसूक लचकलं. टिंग टिटिंग टिंग! खडी फोडणाऱ्या रंभाबाईनं रिकामी पाटी डोक्यावर धरून गिरकी घेतली आणि तशीच नाचत भाकरीकडे गेली. हैबतराव त्या वेळी रोजच्याप्रमाणे टेकडीपलीकडे साहेबाच्या बंगल्यावर. दुसऱ्या दिवशीही बाराला शेपूट लागलं, तिसऱ्या दिवशीही. बाकीचे टोल सिद्धू सुतासारखे सरळ द्यायचा. बाजाराला जाता-येता सुंदरानं ते शेपूट वाटेवरून ऐकलं होतं.

तिसाव्या दिवशी म्हसूमामा पारख करायला आला, बरोबर सुंदरा. मामानं दगडावर बसून पुढ्यात बारा खडे मांडले. त्यात हैबतरावही बंगल्यावर जायचे राहिले आणि पाहुण्याशेजारी मिशी पिळत बसले.

"आबा, आनिक चार खडं घ्या," सुंदरा म्हणाली.

"का गं?"

"असू द्या. येखादा उडाला तर?"

सिद्धूनं हातोडी उचलली. काटे जुळले. एक, दोन, तीन करत त्यानं बारावा मारला, हातोडी फेकली आणि वळवळणारा हात काखेत दाबून उभा राहिला.

"बरुबर!" मामा म्हणाला.

पण खाणीत माणूस हललं नाही. घण हवेत, पाट्या डोक्यावर, कान टवकारलेले.

"जेवायला जावा की रं!" हैबतराव ओरडले.

"बारा कुटं झाल्यात अजून?" रंभाबाई म्हणाली.

"आमी मोजलं की!"

"मोजायचं तुमी, मुकादम. आमी भाकरी सोडतो ती टिंग टिटिंग टिंगवर."

हैबतराव सिद्धूकडे वळले. "काय रं ही भानगड?"

"शेपूट हाय, मुकादम. बाराच्या टोलाचं."

"कवापासनं?"

"येकोणीस दिस."

मामाचे डोळे बारीक झाले. त्यानं आणखी चार खडे उचलले. "रोज? आन् त्येच?"

"त्येच, मामा. ठोका कमी न्हाई का जास्त न्हाई."

"येक बी दिस चुकला न्हाई," रंभाबाईनं साक्ष दिली. "आता वाजीव बाबा, भूक लागली!"

खाण ना राबत होती ना जेवत होती. हैबतरावांनी हात टेकले. "वाजीव. पण हे आता कामात धरलं बरं का! उद्या यात फरक केलास तर घरी धाडीन."

टिंग टिटिंग टिंग! पन्नास माणसं हसत, गिरक्या घेत भाकरीला धावली. मामाची टाचही हलली, पण चेहरा काही सैल पडेना. ढोलक्याची सवय अशी महिन्यात जाते होय?

"बरं, दिली पोर," तो शेवटी सावकाश म्हणाला. "गावात सांगून येतो, दुपारी बाराचा मुहूर्त धरू."

"बाराचा न्हाई, मामा!" सिद्धू घाईनं ओरडला. "तवा माजा टोल असतोय! सहाचा झाल्यावर धरा."

मामा डोळे फाडून बघत राहिला आणि मग इतका हसला, इतका हसला, की सुंदराला त्याचं मुंडासं सावरावं लागलं.